कौल आणि पंचनामा : रानातल्या दोन भयकथा

माणसे रानात गेली आणि परत आली नाहीत, एवढ्या एका ओळीवर गोव्यात दोन जातींच्या कथा लिहिल्या जातात. एक राखणदाराची, देवचाराची, म्हणजे गावाची शीव राखणाऱ्या अदृश्य शक्तीची. दुसरी उकल न झालेल्या एखाद्या खऱ्या मोहिमेवरून सुचलेली, बहुतेक वेळा १९५९ च्या द्यातलोव्ह प्रकरणावरून, म्हणजे रशियातल्या उरल पर्वतात नऊ तरुण स्कीयात्रींच्या गूढ मृत्यूवरून. दिवाळी अंकांसाठी लिहिणारे पुष्कळजण या दोन्ही एकच समजतात आणि चांगली सुरू झालेली कथा शेवटच्या दोन पानांत हातची जाते.

राखणदाराच्या कथेत कारण आधीच ठरलेले असते. शिवेचा धनी कोण, त्याची वाट कुठली, त्याच्या नावाने काय ठेवायचे, कुठल्या वेळी व्हाळ (ओढा) ओलांडायचा नाही, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते. कुणीतरी तो नेम मोडतो आणि मग त्याचे फळ भोगतो. शंका उरलीच तर देवळात जाऊन कौल लावतात. देवाला लावलेली पाकळी कुठल्या बाजूने पडते त्यावरून होकार किंवा नकार कळतो, गाऱ्हाणे घातले जाते, चूक कबूल केली जाते. उत्तर देणारी व्यवस्था कथेच्या पोटातच असते. पुरावा मात्र कसलाच नसतो आणि कुणी तो मागतही नाही.

मोहिमेच्या कथेत पुराव्यांचा ढीग असतो आणि कारण तेवढे सापडत नाही. द्यातलोव्ह प्रकरणाची पकड इतकी वर्षे का सुटली नाही, हे त्याच्या तपशिलांत शिरल्याशिवाय कळत नाही. २३ वर्षांच्या इगोर द्यातलोव्हच्या नेतृत्वाखाली दहा जण स्कीवरून उत्तर उरलमधल्या ओतोर्तेन डोंगराकडे निघाले होते. त्यातला युरी युदिन प्रकृती बिघडल्याने २८ जानेवारीला मागे फिरला. उरलेल्या नऊ जणांनी १ फेब्रुवारीला खोलात स्याख्लच्या उघड्या उतारावर तंबू ठोकला. शोधपथकाला तो २६ फेब्रुवारीला सापडला. कापड आतून कापलेले होते आणि बूट, जाड कपडे, खाणे सारे आतच होते. बर्फात पावलांचे ठसे होते, खाली रानाच्या दिशेने गेलेले. सुमारे दीड किलोमीटरवर एका मोठ्या झाडाखाली विझलेली शेकोटी आणि जवळपास उघड्या अंगाने पडलेले दोघे. झाड आणि तंबू यांच्या मधल्या उतारावर तिघे, बहुधा तंबूकडे परत निघालेले. उरलेले चौघे थेट मे महिन्यात, घळीतल्या खोल बर्फाखाली मिळाले. सहा जण थंडीने गेले होते, तिघे जबर दुखापतींनी.

भयकथा लिहिणाऱ्याने यातल्या एका तपशिलाकडे इतर सगळ्यांपेक्षा जास्त वेळ पाहावे. घळीतल्या काहींच्या अंगावर झाडाखालच्या दोघांचे कपडे होते. म्हणजे कोण आधी गेले, कोण मागे उरले, अंधारात कुणीतरी मित्राच्या अंगावरचे कपडे काढून घेण्याचा निर्णय कसा घेतला असेल, हा सगळा क्रम त्या कपड्यांतून वाचता येतो. एका मृतदेहाला जीभ नव्हती ही गोष्ट मात्र कथांमधून नको इतकी वापरली जाते. घळीतला तो देह बर्फाखालच्या वाहत्या पाण्यात आठवडेच्या आठवडे पडून होता आणि अशा देहाचे मऊ भाग आधी जातात.

मे १९५९ मध्ये तपास बंद करताना ‘या माणसांना आवरता न येणारी नैसर्गिक शक्ती’ अशा अर्थाचे कारण नोंदवले गेले. २०२० मध्ये रशियन अभियोक्त्यांनी हिमस्खलनाचा निष्कर्ष काढला. २०२१ मध्ये योहान गोम आणि अलेक्झांडर पुझ्रिन यांनी गणिती प्रतिमानातून दाखवले, की तंबूसाठी उतार कापल्यावर वाऱ्याने वर बर्फ साचत गेला तर काही तासांनी बर्फाची छोटी पाटी सुटू शकते आणि झोपलेल्या माणसांच्या बरगड्या व कवटी मोडू शकते. तंबू सोडल्यानंतर ते नऊ जण तसे का वागले, हे त्या गणितात येत नाही. लेखकाची जागा नेमकी तीच आहे. शास्त्रीय खुलासा मिळाला म्हणून कथा संपत नाही.

हाच सांगाडा म्हादई किंवा मोलेच्या रानात आणायचा तर सर्वांत मोठी अडचण हवामानाची आहे. उरलमध्ये थंडीने ठसे, कागद, कॅमेऱ्यातली फिल्म, देह सारे टिकवले. आपल्याकडे जून ते सप्टेंबरात एका सरीत ठसे पुसले जातात, जांभ्याच्या सड्यावर ते उमटतच नाहीत, वहीचा लगदा होतो आणि देह तीन आठवड्यांत ओळखण्यापलीकडे जातो. म्हणून दमटपणात टिकणारे पुरावे निवडावेत : कॅमेऱ्यातले मेमरी कार्ड आणि फोटोंवरच्या वेळा, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला नकाशा, कापलेला दोर, त्याच्या गाठी, वनखात्याच्या नाक्यावरच्या नोंदवहीतल्या सह्या. अतिथंडीने भ्रमिष्ट होऊन माणसे कपडे काढून टाकतात हे खरे आहे, पण ते वीस-बावीस अंशांच्या रात्रीत आणू नये. वाचकाला लगेच खोटे वाटेल. हिमस्खलनाची जागा इथे व्हाळ घेतो. वर घाटात पाऊस कोसळतो, खाली आभाळ कोरडे असते, पाणी अचानक चढते आणि काही तासांनी पुन्हा घोट्याएवढे होते. सकाळी पाहणाऱ्याला कारण दिसत नाही, परिणाम तेवढा दिसतो.

लिहिण्याआधी खरे काय घडले ते तासातासाने स्वतःसाठी मांडून ठेवावे आणि मग त्यातला एकच दुवा काढून टाकावा. तंबू सोडण्याचा क्षण काढला तर बाकी सगळे अचूक ठेवावे. पाच दुवे काढले की वाचक घाबरत नाही, गोंधळतो आणि पान उलटतो. उरलेल्या प्रत्येक वस्तूचा एक साधा, रोजचा अर्थ लागला पाहिजे. अडचण ते सारे अर्थ एकत्र ठेवताना यावी. सापडण्याचा क्रम आणि घडण्याचा क्रम वेगळे ठेवावेत. मूळ प्रकरणात आधी पाच देह मिळाले, मग बर्फ वितळल्यावर चार, आणि त्या चौघांनी आधीचे सगळे तर्क हलवले. दोन हजार शब्दांच्या कथेला तीन कागद पुरतात : वस्तूंची यादी, फोटोंच्या वेळा आणि मागे फिरलेल्याचा जबाब. तो जबाब शक्य तितका कोरडा असावा.

मग या कथेत देवचार आणला तर काय बिघडते? शेवटच्या पानावर तो आला की त्याआधी वाचकाने तपासलेला प्रत्येक कागद वाया जातो. गाठी, वेळा, सह्या यांचा त्याच्याशी काहीच संबंध उरत नाही. उलट राखणदाराच्या कथेत शवविच्छेदन अहवाल घातला की तो शिवेचा धनी राहत नाही, संशयित होतो. दोघांना एकत्र आणण्याची एकच वाट भरवशाची आहे. गावातला एखादा जाणता माणूस जबाबात आपले कारण शांतपणे सांगतो, लिहून घेणारा ते जसेच्या तसे उतरवतो आणि निवेदक त्यावर हो-नाही काहीच म्हणत नाही.

रानातल्या लोकांना गुन्हेगार करू नये. १९५९ मध्ये सुरुवातीचा संशय त्या भागातल्या मान्सी आदिवासींवर गेला होता, प्रत्यक्षात त्यांच्याविरुद्ध काही मिळाले नाही आणि शोधात त्यांचीच मदत झाली. तोच संशय गोव्यातल्या कथेत धनगर-गवळी किंवा वेळीप वस्तीवर ढकलणे सोपे आहे, म्हणूनच ते टाळावे. खऱ्या मृतांची नावे आणि दुखापती उचलू नयेत, त्यांची कुटुंबे आहेत. आकडाही बदलावा : नऊ ठेवले की जाणता वाचक तुमची कथा सोडून मूळ प्रकरणाशी ताळा जुळवत बसतो. पाच किंवा सहा माणसे पुरतात, आणि तेवढ्यांचे चेहरे वाचकाच्या लक्षातही राहतात.