बावन्न वर्षांचा लसावि

शाळेत 365 आणि 260 चा लसावि काढायला सांगितला असता, तर आपण 18,980 असं उत्तर लिहून मोकळे झालो असतो. मेक्सिकोच्या अ‍ॅझ्टेक लोकांना मात्र या आकड्याची धास्ती होती.

त्यांची दोन पंचांगं एकाच वेळी चालत. एक सौर, 20 दिवसांचे 18 महिने आणि वर 5 अशुभ दिवस. दुसरं 260 दिवसांचं, शकुन आणि नामकरणासाठीचं. एकदा जुळलेली ही चक्रं पुन्हा जुळायला 18,980 दिवस, म्हणजे नेमकी 52 वर्षं लागत. तेव्हा ‘वर्षांची मोळी’ बांधली जाई. आधीचे चार सूर्य नष्ट झाले, हा पाचवा. आणि तोही अशाच एखाद्या मोळीच्या शेवटी विझेल, अशी श्रद्धा होती.

म्हणून त्या रात्री घरोघरच्या चुली विझवत. चुलीचे दगड, देवांच्या मूर्ती फेकून देत. गरोदर बायकांना घायपाताच्या पानाचे मुखवटे घालून कणगीत बसवत, कारण सूर्य उगवलाच नाही तर त्या हिंस्र श्वापदं होतील ही भीती. मुलांना झोपू देत नसत. झोपली तर म्हणे उंदीर होतील!

पुजारी इझ्तापालापाजवळच्या टेकडीवर चढून आकाशाकडे डोळे लावत. कृत्तिकांचा पुंजका मध्यरात्री माथ्यावरून पुढे सरकला, की जग वाचलं. मग बळी दिल्या जाणाऱ्या कैद्याच्या छातीवर लाकूड घुसळून नवा अग्नी पाडत आणि तो मशालींनी आधी राजधानीच्या मोठ्या मंदिरात, तिथून घराघरांत पोचवत.

गंमत अशी, की कृत्तिका दर वर्षी नोव्हेंबरच्या सुमारास मध्यरात्री माथ्यावर येतातच. इतकं बारीक पंचांग सांभाळणाऱ्या पुजाऱ्यांना हे ठाऊक नसणं अशक्य. भीती लोकांची खरी असेल. पुजाऱ्यांची किती होती, याची मला शंका आहे.

शेवटचा मोठा विधी 1507 चा, दुसऱ्या मोक्तेसुमाच्या काळातला. 1521 मध्ये राजधानी स्पॅनिशांच्या हाती पडली. विधीचं वर्णन आपल्याला मुख्यतः साहागुन या स्पॅनिश धर्मोपदेशकाच्या नोंदींतून मिळतं, पण पुरावा कागदापुरता नाही. पुरातत्त्वज्ञांना काही अ‍ॅझ्टेक वस्त्यांत फुटक्या मडक्यांचे, घरगुती सामानाचे असे ढीग सापडले आहेत, की ते हळूहळू साचलेले नसून एका दमात टाकलेले दिसतात.