आरोग्यपच्चा: काणी लोकांच्या जंगलातलं ताकदीचं झुडूप

डिसेंबर १९८७ मधली गोष्ट आहे. तिरुअनंतपुरमजवळ अगस्त्यमलाचे डोंगर आहेत, म्हणजे आपला सह्याद्री खाली जाऊन जिथे संपत येतो तिथलं टोक. पी. पुष्पांगदन यांची टीम तिथे वनस्पतींच्या पारंपरिक वापराचा अभ्यास करत फिरत होती आणि वाट दाखवायला सोबत काणी आदिवासी होते. चढ चढून शास्त्रज्ञांची पार दमछाक झालेली, आणि काणी मात्र सकाळी निघाले तसेच ताजेतवाने. चालता चालता ते अधूनमधून कसलीतरी बारकी काळपट फळं तोंडात टाकत होते. त्यांनी ती या लोकांनाही दिली, खाल्ल्यावर थोड्या वेळात खरंच तरतरी आली आणि मग साहजिकच प्रश्न आला की हे झाड कुठलं?

काणी आधी सांगायला तयारच नव्हते. बाहेरच्यांना सांगायचं नाही अशी त्यांच्याकडे रीत होती. बरंच समजावल्यावर, गैरवापर करणार नाही असा शब्द घेऊनच त्यांनी झाड दाखवलं. नाव आरोग्यपच्चा, म्हणजे साधारण 'आरोग्य देणारी हिरवाई'. शास्त्रीय नाव ट्रायकोपस झेलॅनिकस. जंगलाच्या दाट सावलीत जमिनीलगत वाढणारं वीतभर उंचीचं झुडूप, एकेका दांड्यावर एकच पान आणि पानाच्या बुडाशी जांभळट फुलं. आपल्याकडचं कोनफळ आणि कारांदा ज्या कुळातले त्याच कुळातलं हे, दिसायला मात्र काहीच साम्य नाही.

मग लॅबमधलं काम सुरू झालं. उंदरांना पाण्यात पोहायला लावून ते किती वेळात थकतात हे बघतात, तशा चाचण्यांमध्ये थकवा कमी होत असल्याचं दिसलं. पानांमध्ये ग्लायकोलिपिड, सॅपोनिन, फ्लॅव्होनॉइड अशी बरीच द्रव्यं सापडली, पण एकाच रेणूकडे बोट दाखवून 'हाच तो' असं म्हणता येईल असा प्रकार नाही हा. इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी: काणी खात होते फळं, आणि औषधासाठी वापरली गेली पानं. तिरुअनंतपुरमजवळच्या पालोडच्या वनस्पती उद्यान संस्थेने ही पानं, अश्वगंधा, पिंपळी आणि विष्णुक्रांता मिळून 'जीवनी' नावाचं औषध तयार केलं आणि १९९५ मध्ये कोइम्बतूरच्या आर्य वैद्य फार्मसीला ते सात वर्षांसाठी दहा लाखांना बनवायला दिलं, वर विक्रीवर दोन टक्के रॉयल्टी. आणि संस्थेने ठरवलं की यातला निम्मा वाटा काणींचा. त्यासाठी १९९७ मध्ये काणींचा ट्रस्ट नोंदवला गेला आणि १९९९ मध्ये पाच लाखांहून थोडी जास्त रक्कम त्याच्याकडे गेली. असा वाटा द्यायला सांगणारा जैवविविधता कायदासुद्धा भारतात तेव्हा नव्हता, तो आला २००२ मध्ये, त्यामुळे जगभर या कराराचं कौतुक झालं आणि मला वाटतं ते योग्यच होतं.

पण सगळं सुरळीत नाही झालं. काणींमध्ये औषधाचं ज्ञान जपणारे ते 'प्लाती', म्हणजे त्यांचे वैद्य. काही प्लातींनी हे ज्ञान कंपनीला द्यायलाच विरोध केला. बरं, ट्रस्टमध्ये पुढे होते कुट्टिचल भागातले काणी, बाकीच्या पाड्यांवरच्या लोकांचं म्हणणं की आम्हाला कोणी विचारलंच नाही. वाटाड्यांनी झाड दाखवलं हे खरं, पण ते दाखवायचा हक्क नक्की कुणाचा होता? हा प्रश्न मला रॉयल्टीच्या टक्क्यांपेक्षा मोठा वाटतो.

दुसरी अडचण झाडाचीच. मागणी वाढली तशी लोकं पानं तोडायच्या ऐवजी झुडपं मुळासकट उपटायला लागली, वनखात्याने राखीव जंगलातून पानं काढायला हरकत घेतली. मग बाहेर लागवड करावी म्हटलं तर झुडूप वाढतं, पण जंगलाबाहेर वाढवलेल्या पानांत तो गुण तसा उतरत नाही असं संशोधकांना आढळलं. आपल्याकडे महाबळेश्वर, कोयना भागात नरक्या नावाच्या झाडाचं असंच झालं, त्यात कॅन्सरच्या औषधाला लागणारं कॅम्प्टोथेसिन असतं म्हणून झाडंच्या झाडं तोडून नेली. हे कॅम्प्टोथेसिन १९६६ मध्ये एका चिनी झाडातून पहिल्यांदा वेगळं करणाऱ्या दोघांपैकी एक, मनसुख वाणी, आपल्या नंदुरबारचे.

२००२ च्या कायद्यामुळे आता ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असावी लागते, त्यात गावातली झाडं आणि त्यांची माहिती असणारे वैदू यांची नोंद करायची असते. तुमचं गाव डोंगरात असेल तर एकदा ती नोंदवही मागून बघा, झाडपाला देणाऱ्या म्हातारीचं नाव त्यात आहे का, आणि ते लिहिण्याआधी तिला कोणी विचारलं होतं का.