‘मगर कमळ बघत बसली’: स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये जनुकीय चाचणी कशासाठी?

स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं निदान होतं, डॉक्टर जनुकीय चाचणी सुचवतात, आणि घरच्यांकडून दोन वाक्यं हमखास येतात. ‘आमच्या घराण्यात हे कुणालाच नव्हतं’ आणि ‘आता कळून काय उपयोग?’ पहिलं वाक्य बहुतेकदा खरं असतं, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकतो. दुसरं साफ चूक आहे.

आधी घराण्याचं बघू. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २०१७ साली या कॅन्सरच्या ८५४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ३३ जणांत जन्मतःच मिळालेला घातक जनुकदोष निघाला. या ३३ पैकी घरात आणखी कुणाला स्वादुपिंडाचा कॅन्सर झाल्याचं सांगणारे होते फक्त तीन. याचं कारण साधं आहे. दोष असलेल्या प्रत्येकाला कॅन्सर होत नाही, आणि झाला तरी तो त्याच अवयवात होतोच असं नाही. आत्याला स्तनाचा, आजीला बीजकोशाचा, काकांना प्रोस्टेटचा, असा एकच दोष घरभर वेगवेगळ्या नावांनी वावरतो. त्यात आपल्याकडे पणजी ‘पोटात गाठ होऊन’ गेली एवढीच नोंद असते, आणि लग्न होऊन दुसऱ्या घरी गेलेल्या आत्यांच्या आजारांची चौकशी कुणी करत नाही. म्हणूनच अमेरिकेतल्या एनसीसीएन या संस्थेच्या उपचारसूचना २०१९ पासून सांगतात, की स्वादुपिंडाचा अॅडेनोकार्सिनोमा, म्हणजे या कॅन्सरचा सर्वाधिक आढळणारा प्रकार, असलेल्या प्रत्येक रुग्णाची जनुकीय चाचणी करावी. वय आणि घरचा इतिहास काहीही असो. शंभरातल्या साधारण चार ते दहा जणांत असा दोष सापडतो. सापडणाऱ्या जनुकांत बीआरसीए-२, एटीएम, बीआरसीए-१, पालबी-२, सीडीकेएन-२ए ही नावं वारंवार येतात. लिंच सिंड्रोमची, म्हणजे मुख्यतः आतड्याच्या आनुवंशिक कॅन्सरची, जनुकं क्वचित.

बीआरसीए म्हणजे डॉक्टरांच्या बोलण्यातलं ‘ब्राका’. हे तर स्तनाच्या कॅन्सरचं जनुक, मग साठीच्या पुरुषाच्या स्वादुपिंडात त्याचं काय काम? जनुक पहिल्यांदा जिथे सापडतं तिथलं नाव त्याला चिकटतं, एवढंच. ते असतं प्रत्येक पेशीत, बाईच्या आणि पुरुषाच्याही, आणि त्याचं काम आहे डीएनएची दुरुस्ती.

या दुरुस्तीकडे जरा निवांत बघायला हवं, कारण उपचाराची सगळी गंमत तिच्यात आहे. डीएनएचे दोन्ही धागे एकाच ठिकाणी तुटले, तर पेशीपुढे मुख्यतः दोन वाटा असतात. पहिली वाट जुगाडाची. तुटलेली टोकं जवळ आणायची आणि चिकटवायची. मधली दोन-चार अक्षरं गेली तर गेली. दुसरी वाट अचूक, पण कष्टाची. पेशीने विभाजनापूर्वी डीएनएची नक्कल काढलेली असेल, तर शेजारी तंतोतंत तीच प्रत हजर असते. मग तुटलेल्या टोकांचा एकेक धागा कुरतडून मागे नेला जातो आणि दुसरा धागा उघडा पडतो. त्यावर आरपीए नावाचं प्रथिन लगेच चढून बसतं. आता आरपीएला उठवून त्या जागी राड-५१ या प्रथिनाचे मणी ओळीने ओवायचे असतात, कारण शेजारच्या प्रतीत घुसून जुळणारा मजकूर शोधणं राड-५१ लाच जमतं. हे मणी ओवणारा कारागीर म्हणजे बीआरसीए-२ जनुकावरून बनणारं त्याच नावाचं प्रथिन. ३,४१८ अमिनो आम्लांचं हे थोराड प्रथिन राड-५१ ला आठ ठिकाणी धरू शकतं. त्याला तुटलेल्या जागेवर आणून उभं करतं पालबी-२, आणि पालबी-२ ला बोलावतं बीआरसीए-१. साखळीतला एक जण गैरहजर राहिला तरी अचूक दुरुस्ती बंद, आणि पेशी जुगाडावर जगू लागते.

आई-वडिलांपैकी एकाकडून दोषी प्रत आली, तरी दुसऱ्याकडून आलेली चांगली प्रत निरोगी पेशीत काम निभावते. गाठीतल्या पेशींनी बहुतेकदा ती दुसरी प्रतही गमावलेली असते. म्हणजे एकाच माणसाच्या शरीरात निरोगी पेशींकडे अचूक दुरुस्ती आहे आणि कॅन्सरपेशींकडे नाही. औषधाला याहून चांगली फट कुठे मिळणार!

प्लॅटिनमवर्गातली औषधं ही फट गाठतात. सिस्प्लॅटिन, ऑक्सालिप्लॅटिन डीएनएचे धागे एकमेकांना टाचून टाकतात, आणि ही टाचणी उसवायला अचूक दुरुस्ती लागते. पार्प-रोधक औषधं आणखी धूर्त. डीएनएचा एकच धागा तुटला की पार्प प्रथिन तिथे बसतं आणि दुरुस्तीला हाक मारतं. ओलापरिब पार्पला त्या जागेवरच अडकवून ठेवतं. नक्कल काढणारी यंत्रणा धावत येऊन त्या अडथळ्यावर आदळते आणि दोन्ही धागे तुटतात. निरोगी पेशी हे निस्तरते, ब्राका गमावलेली पेशी मरते. २००५ साली संशोधकांच्या दोन गटांनी ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेच्या एकाच अंकात हे दाखवलं.

रुग्णांवरचा पुरावा २०१९ च्या ‘पोलो’ या औषधचाचणीतून आला. तिच्यासाठी पसरलेला कॅन्सर असलेल्या ३,३१५ रुग्णांची तपासणी झाली. २४७ जणांत, म्हणजे साडेसात टक्क्यांत, जन्मजात ब्राका दोष निघाला. किमान १६ आठवडे प्लॅटिनम घेऊन ज्यांचा आजार वाढला नव्हता अशा १५४ जणांना पुढे ओलापरिब किंवा नकली गोळी दिली. आजार पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यकाळ ओलापरिब गटात ७.४ महिने होता, नकली गोळीच्या गटात ३.८. एकूण आयुष्यात मात्र ठोस फरक दिसला नाही. ‘जीन टेस्टने कॅन्सर मुळापासून बरा’ असं कुणी व्हॉट्सअॅपवर पाठवलं, तर हे आकडे त्याला पाठवावेत.

फायदा पुढे ओसरतो, आणि का ओसरतो ही या विषयातली सर्वांत सुंदर आणि सर्वांत दुष्ट गोष्ट आहे. प्रथिनाचा मजकूर डीएनएत तीन-तीन अक्षरांच्या शब्दांत लिहिलेला असतो. ‘मगर कमळ बघत बसली’ हे तसं वाक्य समजा. यातला ‘ग’ गळाला, की पुढचं सगळं एक घर सरकतं: ‘मरक मळब घतब सली’. काहीच अर्थ उरत नाही. कॅपान-१ ही एका रुग्णाच्या स्वादुपिंडाच्या कॅन्सरपासून वाढवलेली पेशीमालिका. तिच्या बीआरसीए-२ मध्ये हेच झालंय. ६१७४ या जागचं एक ‘टी’ अक्षर नाही, म्हणून पुढे अवेळी पूर्णविराम लागतो आणि प्रथिनाचं शेपूट तुटतं. केंद्रकात शिरण्याचा परवाना त्या शेपटातच असतो, त्यामुळे उरलेलं प्रथिन बाहेरच भटकतं. २००८ साली संशोधकांनी या पेशींवर औषधांचा मारा चालू ठेवला आणि वाचलेल्या पेशी तपासल्या. काहींच्या याच जनुकातून आणखी मजकूर गळाला होता! आपल्या वाक्यातून ‘ग’ पाठोपाठ ‘क’ आणि पुढचा ‘म’ही काढून बघा: ‘मरळ बघत बसली’. मगर गेली, मासा आला, पण शेवट पूर्वीसारखा वाचता येतो. शेपूट परत आलं, दुरुस्ती सुरू झाली, औषध बोथट झालं.

आता चाचणीकडे. ईडीटीए हे रक्त गोठू न देणारं रसायन असलेल्या, जांभळ्या टोपणाच्या नळीत तीन ते पाच मिली रक्त पुरतं. हेपॅरिनची हिरवी नळी नको; हेपॅरिन पुढच्या पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या पायरीत, अडथळा आणतं. लाळेचा नमुना द्यायचा असेल, तर आधी अर्धा तास खाणं-पिणं, धूम्रपान, तंबाखू बंद. पूर्वी दुसऱ्याची अस्थिमज्जा बसवलेली असेल तर रक्त आणि लाळ दोन्ही निरुपयोगी, कारण त्यांत दात्याचा डीएनए येतो. अशा वेळी त्वचेच्या पेशी वाढवून तपासाव्या लागतात. एकट्या ब्राकाऐवजी अनेक जनुकांचं पॅनेल मागावं, आणि मोठे तुकडे गळालेले वा दुणावलेले असतील तर तेही पकडले जातात का हे विचारावं. नुसती अक्षरं वाचणारी पद्धत ते चुकवू शकते. अहवालाला साधारण तीन-चार आठवडे लागतात. म्हणून बायोप्सीचा निकाल आला की त्याच दिवशी रक्त द्यावं. प्लॅटिनम असलेला केमो निवडायचा की दुसरा, हा प्रश्न दाराशी उभा असतो.

गाठीच्या तुकड्याची तपासणी ही वेगळी चाचणी. त्यात नंतर घडलेले बदलही दिसतात, आणि या गाठीत कॅन्सरपेशी थोड्या आणि तंतुमय पसारा फार, त्यामुळे नमुना अनेकदा अपुरा पडतो. गाठीत ब्राका दोष दिसला तर तो जन्मजात आहे का, हे रक्तातून पक्कं करावंच लागतं.

अहवालात ‘व्हीयूएस’ लिहून आलं तर त्याचा अर्थ: बदल सापडला, पण तो घातक की निरुपद्रवी हे ठरलेलं नाही. त्यावरून औषध बदलायचं नाही, कुणाचं ऑपरेशन करायचं नाही. भारतीयांत हा शेरा जास्त येतो, कारण तुलनेसाठीची माहिती प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांची आहे. घरबसल्या लाळ पाठवायच्या किटवर विसंबू नये. अमेरिकेत २०१८ मध्ये अशा एका किटला परवानगी मिळाली ती ब्राकातल्या अवघ्या तीन बदलांसाठी; घातक बदल हजारो आहेत. बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धी सांगणाऱ्या ‘डीएमआयटी’ला जनुकीय चाचणी समजणाऱ्यांसाठी एकच सांगणं: त्यात जनुक कुठेच वाचलं जात नाही. कुंडली निदान फुकट पाहून मिळते.

रुग्णात घातक दोष निघाला, तर त्याच्या प्रत्येक सख्ख्या भावंडात आणि मुलात, मुलगा असो वा मुलगी, तो असण्याची शक्यता निम्मी. त्यांना अख्खं पॅनेल लागत नाही. तेवढी एकच जागा वाचायची, म्हणून खर्चही कमी. तिथे दोष नसेल तर त्या दोषापुरती ती व्यक्ती मोकळी. ब्राका, एटीएम किंवा पालबी-२ चा दोष असेल तर, आई-वडील वा भावंडांपैकी एकाला हा कॅन्सर झालेला आहे हे धरून, पन्नाशीपासून किंवा घरात सर्वांत कमी वयात ज्याला झाला त्याच्या दहा वर्षं आधीपासून दरवर्षी एमआरआय-एमआरसीपी (स्वादुपिंड आणि पित्ताच्या नळ्या दाखवणारा एमआरआय) वा एंडोस्कोपीतून सोनोग्राफी सुचवतात. बायकांसाठी स्तन आणि बीजकोशाचं नियोजन वेगळं, आणि ते अधिक तातडीचं. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये यासाठी स्वतंत्र कॅन्सर जेनेटिक्सचा विभाग आहे. जाताना रुग्णाच्या अहवालाचं ते पान सोबत हवं, ज्यावर बदलाचं पूर्ण सांकेतिक नाव छापलेलं असतं. ‘ब्राका पॉझिटिव्ह आहे’ एवढ्या तोंडी निरोपावर प्रयोगशाळेला नेमकी कुठली जागा वाचायची ते कळत नाही. रुग्णाची प्रकृती झपाट्याने खालावत असेल, तर चाचणीचा निर्णय व्हायच्या आधीच एक नळी रक्त घेऊन डीएनए राखून ठेवता येतो का, हे डॉक्टरांना त्याच आठवड्यात विचारावं.