इंग्रजी शिकायचा व्हिसा आणि बी२ची अट

इंग्रजी शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्याबद्दल यजमान देशाला कायम एक शंका छळत आली आहे. हा खरोखर शिकायला येतोय, की शिक्षणाच्या नावाखाली कामाला? पीएचडी करायला येणाऱ्याबद्दलही अशी शंका घेता येते, पण तिथे आधीची पदवी, निवडप्रक्रिया आणि भरभक्कम फी या चाळण्या लागलेल्याच असतात. भाषेच्या कोर्सला यातलं काही नसतं. काहीच येत नसलेल्यालाही प्रवेश मिळतो, बॅच वरचेवर सुरू होतात, आणि प्रगती झाली नाही तर तीच पातळी पुन्हा करता येते. त्यामुळे विद्यार्थी व्हिसाचे नियम आवळले गेले की पहिला फटका भाषाशाळांना बसतो. ब्रिटनमध्ये २००९ ते २०११ या काळात तेच झालं, आणि तिथल्या आजच्या नियमांची मुळं त्याच दोन वर्षांत आहेत.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात उरकता येईल. अमेरिकेने १९२४च्या कायद्यात विद्यार्थ्यांना स्थलांतरितांच्या कोट्याबाहेर ठेवलं आणि १९५२च्या कायद्यात त्यांना तात्पुरते पाहुणे ठरवलं. मायदेशातलं घर कायमचं सोडायचा इरादा नसावा ही अट तेव्हाची. आजही तिथे बहुतेक विद्यार्थी व्हिसा याच मुद्द्यावर नाकारले जातात. ब्रिटनमध्ये जुन्या नियमांनुसार आठवड्याला किमान १५ तासांचा दिवसाचा वर्ग, खर्चाची तजवीज, आणि हजेरीची नीट नोंद ठेवणारी खरीखुरी संस्था एवढं पुरायचं. संस्था खरी की खोटी हे अर्ज हाताळणारा अधिकारी आपल्या अंदाजाने ठरवायचा. २००५पासून संस्थांचं एक सरकारी रजिस्टर आलं, पण त्यात नाव घालणं फार अवघड नव्हतं. एखाद्या दुकानावरच्या दोन खोल्या भाड्याने घेऊन कॉलेज काढणारे त्यातही सापडत.

३१ मार्च २००९ रोजी टिअर ४, म्हणजे गुणांवर चालणारा नवा विद्यार्थी व्हिसा, आलं आणि जबाबदारी कॉलेजांच्या गळ्यात पडली. परवाना असलेली संस्थाच विद्यार्थ्याला स्पॉन्सर करणार, आणि तो गायब झाला तर कळवणारही तीच. अधिकाऱ्याच्या मर्जीऐवजी गुणांची बेरीज आली: स्पॉन्सरचं पत्र असेल तर इतके गुण, बँकेत पैसे असतील तर इतके. कागद बरोबर असले की व्हिसा. एजंटांना हे सगळ्यात आधी कळलं. त्या वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत उत्तर भारतातून येणारे अर्ज कित्येक पटींनी वाढले, आणि फेब्रुवारी २०१०च्या सुरुवातीला ब्रिटनने उत्तर भारत, नेपाळ आणि बांगलादेश इथले विद्यार्थी अर्ज काही काळ स्वीकारणंच थांबवलं. निवडणूक तोंडावर होती आणि बनावट कॉलेजांच्या बातम्या रोज छापून येत होत्या.

या घाईत मार्च २०१०मध्ये एक निर्णय झाला. तोवर टिअर ४वर ए२ पातळीचा इंग्रजी कोर्सही चालायचा. (भाषेच्या युरोपीय मापात ए१ आणि ए२ म्हणजे सुरुवातीच्या पातळ्या, बी१ आणि बी२ मधल्या, सी१ आणि सी२ वरच्या.) आता कोर्स किमान बी२चा हवा असं ठरलं. बी२च्या वर्गात बसायचं तर खालची पातळी आधीच पार केलेली हवी, म्हणून येण्यापूर्वी बी१चा पुरावाही मागितला गेला. ज्याला बाजारात भाजी मागण्यापुरतं इंग्रजी येतं आणि जो नेमका त्याच्या पुढचं शिकायला निघाला आहे, त्याला दार बंद. इंग्रजी शिकायचं तर आधी इंग्रजी आलं पाहिजे! पदवीला प्रवेश मिळालेल्यांचे पूर्वतयारी वर्ग आणि सरकारी शिष्यवृत्तीवर येणारे यांना सूट होती, म्हणजे विद्यापीठांचं फार बिघडलं नाही. बिघडलं ते छोट्या शहरांतल्या खाजगी भाषाशाळांचं, ज्यांच्या वर्गात अर्धे लोक ए२ आणि बी१चेच असतात.

भाषाशाळांच्या संघटनेने कोर्टात दाद मागितली. संघटनेने पातळी किती असावी यावर फारसा जोर दिला नाही. तिचा मुद्दा होता की हा बदल केला कसा. सरकारने नियमांना हात न लावता केवळ मार्गदर्शक पुस्तिकेतला आकडा बदलला होता. नियम बदलायचे तर ते संसदेपुढे ठेवावे लागतात, पुस्तिका रातोरात बदलता येते. जुलै २०१०मध्ये उच्च न्यायालयाने संघटनेची बाजू मान्य केली: कोण आत येईल आणि कोण नाही हे ठरवणारी अट संसदेला वळसा घालून आणता येत नाही. जेमतेम काही दिवस आधी दुसऱ्या एका प्रकरणात, बँकेत तीन महिने ठरावीक शिल्लक हवी या अटीवरून, वरच्या न्यायालयाने हेच तत्त्व सांगितलं होतं. भाषाशाळांनी पेढे वाटले असतील तर ते फार लवकर वाटले. त्याच महिन्यात सरकारने बी२ची अट रीतसर नियमांत घातली. पद्धत चुकली होती, ती दुरुस्त झाली. अट जिथल्या तिथे राहिली.

हा वाद इतका लांबवून सांगायचं कारण त्यातलं मोजमाप. काळजी होती ती बेकायदा काम करणाऱ्यांची, आणि मोजली जात होती भाषेची पातळी. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध फार सैल आहे. फाडफाड इंग्रजी बोलणारा माणूस वर्गाकडे न फिरकता रेस्टॉरंटात भांडी घासू शकतो, आणि पन्नाशीतली एखादी बाई ए२वरून प्रामाणिकपणे सुरुवात करू शकते. नियमाने पहिल्याला आत घेतलं आणि दुसरीला बाहेर ठेवलं. एप्रिल २०११पासून तर, पदवीपेक्षा खालच्या कोर्सलाही किमान बी१ हवीच असं ठरल्यावर, दुभाष्याशिवाय बोलता न येणाऱ्या विद्यार्थ्याला विमानतळावरूनच परत पाठवायचा अधिकार अधिकाऱ्यांना मिळाला. सरकारच्या बाजूने एवढं म्हणता येईल की बनावट कॉलेजं खरोखर होती, आणि सर्वांत खालच्या पातळीचे स्वस्त कोर्स विकणं हाच त्यांच्यापैकी अनेकांचा धंदा होता.

पातळीचा दाखला सक्तीचा झाला की दाखल्याचा बाजारही उभा राहतो. फेब्रुवारी २०१४मध्ये एका टीव्ही वाहिनीने छुप्या कॅमेऱ्याने दाखवलं की व्हिसा वाढवण्यासाठी लागणाऱ्या इंग्रजी परीक्षेत उमेदवाराच्या जागी दुसरेच बसत होते, आणि बहुपर्यायी प्रश्नांची उत्तरं वर्गात चक्क वाचून दाखवली जात होती. परीक्षा घेणाऱ्या अमेरिकी संस्थेने मागच्या तीन वर्षांतल्या ५८ हजारांहून अधिक चाचण्या तपासल्या आणि त्यांतल्या ९७ टक्के संशयास्पद ठरवल्या. म्हणजे जवळपास कोणीच प्रामाणिक नव्हतं, असा त्याचा अर्थ होतो. हजारोंचे व्हिसा रद्द झाले. त्यांत फसवणूक करणारे होतेच, पण स्वतः परीक्षा देऊन उत्तम इंग्रजी बोलणारेही अडकले आणि पुढे वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या करून सुटले.

व्हिसा मिळवण्याइतकंच तो टिकवणंही याच काळात कठीण झालं. पैसे सलग २८ दिवस खात्यात हवेत, आणि त्या २८ दिवसांत एक दिवस जरी शिल्लक ठरलेल्या रकमेच्या खाली गेली, अगदी एका पौंडाने, तरी अर्ज फेटाळला जाई. मग दुसऱ्या दिवशी लाख भरा, उपयोग नाही. वर्गातल्या किंवा इतर ठरलेल्या दहा हजेऱ्या ओळीने चुकल्या की कॉलेजने कामाच्या दहा दिवसांत सरकारला कळवायचं. भाषाशाळेत दिवसाला दोन सत्रं असत, त्यामुळे प्रत्येक सत्राची हजेरी मोजणाऱ्या शाळेत आठवडाभर तापाने पडलेला विद्यार्थीही या आकड्यापाशी पोचायचा, म्हणून शाळा डॉक्टरचं पत्र मागून मागून जीव खायच्या. आणि विद्यार्थ्याचं काही चुकलं नाही तरी शाळेचा परवाना गेला की साधारण ६० दिवसांत दुसरा स्पॉन्सर शोधा, नाहीतर परत जा. २०१२मध्ये लंडनच्या एका विद्यापीठाचा परवाना गेला तेव्हा दोन हजारांहून अधिक विद्यार्थी असे उघड्यावर आले. छोट्या कॉलेजांत हे त्याआधीपासून चालू होतं, बातमी तेवढी होत नव्हती.

अमेरिकेतली गाडी वेगळ्या कारणाने वळली. सप्टेंबर २००१च्या हल्ल्यातल्या एका अपहरणकर्त्याने आदल्या वर्षी कॅलिफोर्नियातल्या इंग्रजी कोर्ससाठी व्हिसा घेतला होता. तो वर्गात कधी गेलाच नाही, आणि गेला नाही हे सरकारला कळवणारी यंत्रणा चालू नव्हती. परदेशी विद्यार्थ्यांची इलेक्ट्रॉनिक नोंद ठेवायचा कायदा १९९६चाच, पण तो रेंगाळला होता. २००३मध्ये ती नोंद सक्तीची झाली. विद्यार्थी हजर झाला नाही तर शाळेने ठरावीक मुदतीत तसं नोंदवायचं, आणि वर्ग आठवड्याला किमान १८ तासांचा हवा. भाषाशाळांना मान्यता असलीच पाहिजे हा कायदा मात्र डिसेंबर २०१०मध्ये झाला. ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या प्रस्तावात भाषेच्या विद्यार्थ्यांना एकूण २४ महिन्यांची मर्यादा घालायची सूचना आहे.

आयर्लंडमध्ये २०१४-१५च्या सुमाराला भाषाशाळा एकामागून एक बंद पडल्या आणि आगाऊ भरलेली फी बुडाली. त्यानंतर मान्य कोर्सांची यादी आली, वर्षभराऐवजी आठ महिन्यांचा परवाना झाला, २५ आठवड्यांचा वर्ग आणि ८५ टक्के हजेरी ठरली. कामाची मुभा मात्र ठेवली, आणि तिथे इतकी गर्दी का होते याचं उत्तर बरंचसं तेच आहे. ऑस्ट्रेलियाने फीचा रस्ता धरला: जुलै २०२४मध्ये अर्जाची फी ७१० डॉलरवरून १,६०० आणि वर्षभराने २,०००. पाच-सहा महिन्यांचा इंग्रजी कोर्स करणाऱ्याला आणि चार वर्षांची पदवी घेणाऱ्याला ती सारखीच.

ब्रिटनमध्ये बी२ची अट टिकली, तिच्या शेजारी एक पळवाट मात्र ठेवली गेली. जानेवारी २०११मध्ये बी२च्या खालच्यांसाठी ११ महिन्यांपर्यंतचा खास पाहुणा-विद्यार्थी व्हिसा निघाला. २०१५मध्ये त्याचं नाव बदललं, आणि डिसेंबर २०२०पासून हा मार्ग फक्त इंग्रजीच्या ६ ते ११ महिन्यांच्या कोर्सांसाठी राहिला. सहा महिन्यांपर्यंतचं शिक्षण आता साध्या व्हिजिटर व्हिसावर होतं. ११ महिन्यांच्या व्हिसावर काम करता येत नाही, कुटुंब आणता येत नाही, मुदत वाढत नाही. शून्यावरून सुरुवात करून अकराव्या महिन्यात कोणी बी२ गाठली आणि पुढच्या कोर्सला प्रवेशही मिळवला, तरी तिथल्या तिथे स्टुडंट व्हिसावर जाता येत नाही. मायदेशी परतून नव्याने अर्ज करावा लागतो.