आयवालिक

आयवालिक : पश्चिम तुर्कस्तानातील बालिकेसीर प्रांताचा एजियन किनाऱ्यावरील जिल्हा व त्याचे मुख्य शहर. इझमीरच्या उत्तरेस सुमारे १५० किमी. अंतरावर, ग्रीसच्या लेस्बॉस बेटासमोर ते वसले आहे. जिल्ह्याची लोकसंख्या ७० हजारांहून काहीशी अधिक असून उन्हाळ्यात ती कितीतरी पटींनी फुगते.

नावाविषयी मतभेद आहेत. तुर्की ‘आयवा’ आणि ग्रीक ‘किदोनी’ या दोन्ही शब्दांचा अर्थ बिही (जिच्या बिया आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात बिहीदाणा म्हणून मिळतात) असा होतो. त्यामुळे ‘आयवालिक’ व शहराचे ग्रीक नाव ‘किदोनिएस’ यांपैकी मूळ कोणते, हा प्रश्न उरतो. या भागात मिळणाऱ्या एका शिंपल्यालाही ग्रीकमध्ये ‘किदोनी’ म्हणत असल्याने काहींनी नावाचा उगम फळाऐवजी शिंपल्यात शोधला आहे. तथापि सामान्य ग्रीक रहिवासीही बोलताना ‘आयवाली’ असेच म्हणत. हे ध्यानात घेता ‘किदोनिएस’ हे शाळा व चर्च यांच्या व्यवहारात रूढ झालेले भाषांतरित रूप असावे, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. समोरच्या बेटांच्या ‘हेकातोन्नेसोई’ या प्राचीन नावाचीही अशीच गत आहे. त्याचा सरळ अर्थ ‘शंभर बेटे’ असा लागतो आणि ग्रीक इतिहासकार हीरॉडोटसही तसाच उल्लेख करतो. प्राचीन भूगोलकार स्ट्रेबोने मात्र ते ‘हेकातोस’ म्हणजे अपोलो या देवतेशी जोडले. प्रत्यक्षात बेटे वीस-बावीसच आहेत, हे स्ट्रेबोच्या बाजूने जाते.

अठराव्या शतकापूर्वीच्या वस्तीविषयी फारसे लिहिले गेलेले नाही. शहराच्या उदयाची प्रचलित हकीकत अशी : १७७० मध्ये इझमीरजवळील चेश्मे येथे रशियन आरमाराने ऑटोमन आरमाराचा धुव्वा उडवला, तेव्हा परतणाऱ्या हसन पाशा या ऑटोमन सेनानीला इओआनिस इकोनोमोस या धर्मगुरूने आसरा दिला, पुढे नौदलप्रमुख झालेल्या पाशाने उपकार स्मरून १७७३ च्या सुमारास शहराला स्वायत्ततेचे फर्मान मिळवून दिले आणि त्यान्वये मुसलमानांना तेथे स्थायिक होण्यास मनाई झाली. या हकीकतीचा मुख्य आधार मागाहून लिहिले गेलेले ग्रीक वृत्तांत हाच असल्याने तिचा तपशील जपूनच स्वीकारावा लागतो. शहराला काही सवलती होत्या आणि तेथील वस्ती जवळजवळ पूर्णपणे ग्रीक ऑर्थोडॉक्स होती, एवढे बहुतेकांना मान्य आहे. पण भरभराटीचे श्रेय फर्मानापेक्षा ऑलिव्ह तेल, साबण व कमावलेली कातडी यांच्या सागरी व्यापाराला देणे अधिक योग्य होय. या पैशावरच एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तेथे प्रसिद्ध अकादमी उभी राहिली. लेस्बॉसचा बेंजामिन व थिओफिलोस काइरिस हे तिचे नामांकित शिक्षक. पॅरिसहून आलेल्या आंब्र्वाझ फीर्मां-दिदो या विद्यार्थ्याने नोंदवून ठेवले आहे, की विद्यार्थ्यांनी आपसांत प्राचीन ग्रीकच बोलण्याचा व प्राचीन नावे धारण करण्याचा ठराव केला होता आणि चुकणाऱ्याला होमरचे एक पान सर्वांसमोर म्हणून दाखवावे लागे. १८१९ मध्ये तेथे छापखानाही निघाला. ग्रीक स्वातंत्र्ययुद्धात, १८२१ च्या जूनमध्ये शहर जाळले गेले. रहिवासी परतले, अकादमी मात्र पुन्हा उभी राहिली नाही.

पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, येथील ग्रीकांना देशाच्या अंतर्भागात हलवण्यात आले. २९ मे १९१९ रोजी ग्रीक सैन्य उतरले, तेव्हा अली बे (पुढे अली चेतिनकाया) यांच्या १७२ व्या रेजिमेंटने प्रतिकार केला; शहरासमोरच्या जुंदा (ग्रीक : मोस्कोनिसी) बेटाचे ‘अलीबे’ हे अधिकृत नाव त्यांच्यावरून पडले, बोलण्यात मात्र जुंदाच चालते. १९२२ मध्ये शहर तुर्कांच्या ताब्यात आले, तेव्हा ग्रीक पुरुषांची रवानगी सक्तीच्या श्रमिक तुकड्यांत झाली. लेखक इलियास वेनेझिस त्यांतलाच एक. ३० जानेवारी १९२३ च्या लोझान करारानुसार ग्रीस व तुर्कस्तान यांच्यात लोकसंख्येची अदलाबदल झाली आणि लेस्बॉस, क्रीट व मॅसिडोनिया येथील मुसलमान रिकाम्या घरांत आले. जुंदावर आलेल्या क्रीटवासीयांपैकी अनेकांची घरातली भाषा ग्रीकच होती. चर्चच्या मशिदी झाल्या : सेंट जॉनचे चर्च आता ‘साआत्ली’, म्हणजे घड्याळवाली, मशीद म्हणून ओळखले जाते. जुंदावरील १८७३ चे ताक्सियार्हिस चर्च २०१४ पासून संग्रहालय आहे.

अर्थव्यवस्थेचा कणा आजही ऑलिव्हच आहे. शरद ऋतूत फळांची तोडणी सुरू होते. जुन्या गिरण्यांत फळे दगडी चाकांखाली भरडून लगदा विणलेल्या चकत्यांत भरत व दाबाखाली तेल काढत. उरलेला चोथा भट्टीत जळण म्हणून जाई आणि हलक्या प्रतीच्या तेलाचा साबण होई. माल थेट गलबतांत चढवता यावा म्हणून गिरण्या पाण्याच्या काठालाच बांधत. त्यांची विटांची धुराडी आजही घरांच्या छपरांवर डोकावतात. या गिरण्या व सरिमसाक नावाच्या स्थानिक तांबूस दगडातील घरे मिळून होणारा औद्योगिक भूप्रदेश २०१७ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहे. मासेमारी त्यामानाने दुय्यम आहे. पापालिना हा लहान मासा तळून खातात. सरिमसाक्ली पुळण, शैतान सोफ्रासी टेकडी आणि लेस्बॉसच्या मितिलिनी बंदराला जाणाऱ्या बोटी यांमुळे पर्यटनही वाढले आहे. मसालेदार सॉसेज व चीज घालून भाजलेला ‘आयवालिक तोस्तु’ आता तुर्कस्तानात सर्वत्र मिळतो.