शटडाऊन केलं म्हणजे बंद झालं असं नाही

"रोज रात्री बंद करूनच घरी जातोय की ओ!" शिवाजी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपवाल्यानं परवा मलाच दम भरला. प्रिंटर अडून बसलेला, मी 'रीस्टार्ट केलं का?' विचारलेलं. टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये सीपीयूचा 'अप टाइम', म्हणजे मशीन न थांबता किती वेळ चालू आहे तो आकडा, दाखवला: १९ दिवस. गडी गप्प.

शटडाऊन म्हणजे पुरतं बंद आणि रीस्टार्ट म्हणजे वरवरचं, हा समज काही केल्या जात नाही. विंडोजमध्ये गोष्ट नेमकी उलटी आहे.

स्लीप सगळ्यांना ठाऊक आहे. रॅमला, म्हणजे चालू काम तात्पुरतं ठेवायच्या मेमरीला, वीज चालू राहते, लाईट गेली की रॅममधलं सगळं पुसलं. हायबरनेटमध्ये अख्खी रॅम डिस्कवर उतरते, मग लाईट जाऊ दे नाहीतर राहू दे.

घोळ पुढं आहे. २०१२ साली विंडोज ८ सोबत फास्ट स्टार्टअप आलं, आणि बहुतेक मशीनवर ते आपोआप चालूच असतं. शटडाऊन दाबलं की तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, लॉगआऊट होतं. पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर (प्रिंटरसारखी यंत्रं चालवणारे छोटे प्रोग्रॅम) रॅममध्ये ज्या अवस्थेत असतील, त्याच अवस्थेत डिस्कवरच्या एका फाइलमध्ये लिहिले जातात. सकाळी तीच फाइल परत रॅममध्ये चढते. मशीन झटकन चालू होतं खरं, पण काल रुसलेला ड्रायव्हर आजही रुसलेलाच उठतो. रीस्टार्ट या फाइलकडं बघतसुद्धा नाही. सगळं नव्यानं लोड करतं.

"मी तर बोर्डाचं बटणपण काढतोय," हे पुढचं ठरलेलं वाक्य. काढा की! त्यानं रॅम रिकामी होते, डिस्कवरची फाइल कुठं जाते?

सेव्ह न केलेलं एक्सेल शटडाऊन आणि रीस्टार्ट दोन्हीकडं जातंच, तिथं वाद नाही.

एसएसडी, म्हणजे नवी वेगवान डिस्क, असेल तर मी फास्ट स्टार्टअप सरळ बंद करतो. चार सेकंद वाचवायला महिनाभराचा कचरा कोण सांभाळणार? कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू', तिथली फास्ट स्टार्टअपपुढची खूण काढायची. एवढी खटपट नको असेल तर शिफ्ट दाबून धरून शटडाऊन करा. तेवढ्यापुरतं खरंखुरं बंद होतं. जुनी हार्ड डिस्क असेल तर राहू दे, पण आठवड्यातून एकदा रीस्टार्ट मारा. आणि त्याच मशीनवर विंडोजच्या जोडीला लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिमही टाकली असेल तर फास्ट स्टार्टअप बंदच पाहिजे, नाहीतर तिकडून विंडोजच्या ड्राइव्हवर फाइल ठेवायला गेलात की नकार मिळतो.