बायझंटिन धर्माधिकाऱ्यांच्या शिशाच्या मुद्रा

बायझंटिन (पूर्व रोमन) साम्राज्यातील पॅट्रिआर्क (मुख्य धर्माध्यक्ष), बिशप, मठाधिपती आणि चर्चचे कारभारी आपली पत्रे व दस्तऐवज ज्या शिशाच्या मुद्रांनी मोहोरबंद करीत, त्या मुद्रा. सहाव्या शतकापासून त्या विपुल आढळतात. दहावे ते बारावे शतक हा त्यांचा भरभराटीचा काळ.

शिशाच्या चकतीत आरपार पोकळी ठेवलेली असे. दस्तऐवजाची दोरी तिच्यातून ओवून चकती ‘बुल्लोतीरिऑन’ या लोखंडी, सांडशीसारख्या हत्याराच्या जबड्यांत धरत. दोन्ही जबड्यांवर आतून मजकूर उलटा कोरलेला असे. वरून हातोड्याचा घाव घातला की दोन्ही बाजू एकदम उमटत आणि मऊ शिसे दोरीवर घट्ट आवळले जाई.

मजकूर बहुधा प्रार्थनेचा असतो : ‘प्रभो, तुझ्या सेवकाला साहाय्य कर’. पुढे नाव, पद आणि बिशपचे नगर. दोन-तीन सेंटीमीटरच्या जागेत हे सारे बसवायचे म्हणून शब्द तोडले, अक्षरे जोडली. त्यामुळे वाचन कष्टाचे होते. अकराव्या शतकापासून काही मुद्रांवर बारा अक्षरांच्या चरणांत रचलेला पद्यमय लेखही दिसतो. ज्या हुद्द्यांची नावे इतरत्र क्वचितच भेटतात, ते चर्चचे दप्तरदार, खजिनदार आणि पूजापात्रांचे रक्षकही इथे नावानिशी उभे राहतात.

मूर्तिभंजनाच्या काळात धार्मिक प्रतिमांना बंदी असताना अक्षरे एकत्र गुंफून केलेली क्रूसाकार मुद्राचिन्हे (मोनोग्राम) आणि क्रूस प्रचलित होते. 843 मध्ये प्रतिमापूजा पुन्हा मान्य झाली आणि प्रतिमा परतल्या. पॅट्रिआर्कच्या मुद्रेवर बालयेशूसह माता मारिया आली. बिशप पुष्कळदा आपल्या नगराचा रक्षक संत निवडत. थेस्सालोनिकी येथे संत देमेत्रिओस, एफेसस येथे संत योहान.

सर्वांत बोलकी मुद्रा हागिया सोफिया या कॉन्स्टँटिनोपलमधील मुख्य चर्चच्या ‘एक्दिकोई’ मंडळाची म्हणावी लागेल. या धर्मगुरूंकडे, खुनासारखा अपराध करून चर्चच्या आश्रयाला आलेल्यांचे प्रकरण ऐकण्याचे काम होते. त्यांच्या मुद्रेवर माता मारिया आणि सम्राट जस्टिनियन हे दोघे मिळून हागिया सोफियाची प्रतिकृती हातांवर तोलून धरतात. ही वास्तू जस्टिनियननेच 532 ते 537 दरम्यान उभारली होती. आश्रयाचा हक्क कोणाच्या आधाराने टिकतो, हे त्या एका चित्रात सांगितले आहे.

ज्या दस्तऐवजांवर या मुद्रा लटकत होत्या, ते बहुतेक सारे नष्ट झाले. शिसे उरले, तेही पांढुरके गंजलेले. वॉशिंग्टनच्या डम्बार्टन ओक्स संग्रहालयात चर्चच्या व इतर अशा मिळून सुमारे 17,000 बायझंटिन मुद्रा आहेत. बिशपांच्या जुन्या याद्यांतील गाळलेल्या जागा आज याच मुद्रांवरून भरल्या जातात, आणि साल लिहिलेले नसल्याने त्यांचा काळ अक्षरांच्या वळणावरून ठरवावा लागतो.